मागे मोकळं आहे

सांता इरेनेत कुणाच्या मोटारसायकलची सीट फाटली, की तो पुलाशेजारच्या निळ्या दाराकडे जातो. त्या दाराआड रुबिएला ओस्पिना तेवीस वर्षं सीटा शिवत आली. जाड सुई, मेण लावलेला दोरा, दातात धरलेली टाचणी, आणि टाचणी न काढताच गिऱ्हाइकाशी भांडण. ‘एवढ्यात फोम दबला? घरात खुर्ची नाही का तुझ्या?’ असं ती विचारायची आणि लोक निमूट ऐकून घ्यायचे, कारण तिने शिवलेली सीट गाडी भंगारात गेली तरी उसवत नसे. एकदा एक दारुडा नवी सीट काखेत मारून पळाला, तर ही कात्री घेऊन बाजारापर्यंत त्याच्या मागे गेली. तेव्हापासून गावात म्हणतात, घाबरायचं तर देवाला आणि रुबिएलाच्या कात्रीला.

अशी ही बाई गेले अकरा महिने भीतीने अर्धी झाली होती. गावाला त्याचा पत्ता नव्हता, आणि नवऱ्याला तर मुळीच नव्हता.

नवरा एव्हेलिओ. दूध गोळा करायच्या केंद्रावर तो कामाला. एकोणीस वर्षांपूर्वी ट्रकवरून भरलेला दुधाचा कॅन त्याच्या मानेवर पडला. जीव वाचला, पण मान जी धरली ती कायमची. कुणी हाक मारली तर तो पायांपासून सगळा वळतो. गावाने त्याचं नाव घुबड ठेवलं, कारण घुबडाची मान सगळीकडे फिरते. आमच्याकडे टोपणनावं अशीच ठेवतात, माणसाच्या दुखण्यावर बोट ठेवून, आणि ज्याला ठेवलं त्याने हसायचं असतं. एव्हेलिओ हसायचा.

पण ज्याची मान वळत नाही त्याने घाटात मोटारसायकल कशी चालवायची? आमचं गाव मानिसालेस शहराच्या घाटरस्त्यावर. वर लेतरासची खिंड, तिथे धुकं आणि गार वारा, आणि रात्रंदिवस चालणारे ट्रक. ट्रकच्या मागे राहिलं तर धुरात जीव जातो. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून पुढे जायचं तर डावीकडून बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडण्याआधी मागून कुणी सुसाट येत नाही ना, हे वळून बघावं लागतं. आरशात दिसेल म्हणाल, तर त्यांच्या एकशे पंचवीसच्या जुन्या गाडीचे आरसे चढावर असे थरथरायचे, की मागचा ट्रक आणि मागचं चर्च यांत फरक कळू नये. पोलिसांनी अडवू नये म्हणून ते बसवलेले होते, एवढंच.

तेव्हा वळून बघायचं काम रुबिएलाचं. एव्हेलिओ पुढचं बघायचा. पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर लुकलुकवायचा, म्हणजे वळणापलीकडे रस्ता रिकामा, या पुढे. डावा दिला तर थांबा. हा आमच्या घाटाचा कायदा आहे. तो कुठल्या पुस्तकात नाही, पण तो मोडणाऱ्या ड्रायव्हरला खिंडीतल्या टपरीवर कुणी गुळाचं पाणीसुद्धा पाजत नाही. उजवा इंडिकेटर दिसला, की एव्हेलिओ वाट बघायचा. मागे बसलेली रुबिएला कमरेतून वळून सगळा रस्ता बघायची आणि त्याच्या डाव्या खांद्यावर दोनदा थोपटायची. मागे मोकळं आहे. मग तो बाहेर पडायचा.

अठरा वर्षं हे असं चाललं. दर रविवारी, चर्च झालं की दोघं निघायची. कधी गरम पाण्याच्या झऱ्यांवर, कधी खाली मारिकीताला आंबे खायला, कधी नुसतीच खिंडीपर्यंत. मूलबाळ नव्हतं. घरात एव्हेलिओ आठवडाभरात दहा वाक्यं बोलला तर खूप. पण गाडीवर बसला की त्याला वाचा फुटायची. केंद्रावरच्या भानगडी, लहानपणी आईने दिलेला मार, रस्त्याकडेच्या गायीचं खोड, सगळं तो वाऱ्यावर सोडून द्यायचा आणि मागे बसलेली ती ते झेलायची. समोरासमोर बसून ज्यांना बोलता येत नाही, अशा जोडप्यांसाठीच देवाने मोटारसायकल घडवली असावी. रुबिएलाला तो रविवार हवा असायचा. बाकीचे सहा दिवस ती त्याच्याच आधारावर काढायची.

मग गेल्या ऑगस्टमध्ये आल्बेइरो सीट घेऊन आला.

आल्बेइरो वरच्या वाडीचा, बटाट्याची शेती करणारा. दोन वर्षांपूर्वी रुबिएलानेच त्याच्या गाडीची सीट शिवली होती, काळी, लाल दोऱ्याची. बायको मागे बसते म्हणून मागचा फोम दोन बोटं जास्त घालून घेतला होता. ती सीट त्याने टेबलावर ठेवली. पुढचा अर्धा भाग तसाच होता, एक टाका हललेला नाही. मागचा अर्धा नव्हताच. फोम, कापड, खालची पट्टी, सगळं ओरबाडून गेलेलं.

“ट्रक ओलांडताना,” आल्बेइरो म्हणाला. “मला कळलंच नाही. मी पुढे बघत होतो.”

 सीट तिच्याकडे सरकवत तो म्हणाला, “मागचं नको शिवूस. एकाचीच कर.”

तिने एकाची सीट शिवून दिली. त्या रविवारी ती एव्हेलिओच्या मागे बसली. पहिला ट्रक आला, उजवा इंडिकेटर लागला, ती वळून बघायला गेली, आणि तिचे डोळे आपोआप मिटले. तिने ते उघडायचा प्रयत्न केला. पापण्या तिचं ऐकेनात. पाठीमागे काहीतरी येतंय, ते आपल्यालाच घ्यायला येतंय आणि ते बघायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात. एव्हेलिओ वाट बघत होता. तिने कान टवकारले. मागून आवाज नव्हता. तिने दोनदा थोपटलं.

तो बाहेर पडला, ट्रक मागे गेला, काही झालं नाही. आणि पाप जसं पहिल्यांदा खपून गेलं की दुसऱ्यांदा सोपं जातं, तसं झालं. घरी आल्यावर ती स्वतःला शिव्या घालायची. पुढच्या वेळी उघडे ठेवीन, शपथ. पण रविवार यायचा, ट्रक यायचा आणि डोळे मिटायचे. ती ऐकून थोपटायला लागली.

मे महिन्यात ते अंगाशी आलं. मानिसालेसहून परत येत होते, खिंडीच्या अलीकडे, पुढे सिमेंटचा ट्रक. वारा एवढा, की हेल्मेटमध्ये नुसतं घोंघावत होतं. ट्रकने उजवा इंडिकेटर दिला. रुबिएलाने डोळे मिटून ऐकलं, वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही आणि तिने थोपटलं. एव्हेलिओ डावीकडे निघाला आणि त्याच क्षणी मागून आलेली पिकअप कर्कश्श हॉर्न देत त्यांना घासून गेली. तिचा आरसा एव्हेलिओच्या हँडलला लागला. गाडी वेडीवाकडी होत ट्रकच्या मागच्या चाकापर्यंत गेली आणि कशी कोण जाणे, कडेच्या चिखलात येऊन थांबली. दोघंही पडली नव्हती. रुबिएलाच्या एका पायातला बूट निघून रस्त्यावर पडला होता.

 एव्हेलिओने टाकीवर हात मारला आणि म्हणाला, “दम नाही हिच्यात. मूठ पिळली तरी जागची हलत नाही. जरा ताकदीची गाडी असती तर तो यायच्या आत आपण पुढे असतो.”

त्याच वेळी सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं तिने. पण तो तिचा बूट घेऊन आला, खाली बसला, तिच्या पायात तो चढवला आणि वर बघून म्हणाला, “तू थोपटलंस तेव्हा तो नव्हताच मागे, मला माहीत आहे. वळणामागून आला हरामखोर.” त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगायचं?

तर त्या दिवसापासून नव्या गाडीचं खूळ सुरू झालं. केंद्रावर, चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याकडे, एव्हेलिओ एकच विषय काढायचा. दोनशेची घ्यावी की अडीचशेची? गावात ज्यांच्याकडे सायकलही नाही त्यांनीसुद्धा सल्ले दिले. रुबिएलाची बहीण ओफिर पलीकडच्याच घरात राहते. ती रोज संध्याकाळी दारात येऊन टोमणा मारून जायची.

“पन्नाशीत पुरुष काहीतरी बदलतोच गं. तुझा मोटारसायकल बदलतोय, बायको नाही. मेणबत्ती लाव जाऊन.”

“मला भीती वाटते, ओफिर,” रुबिएला एकदा म्हणाली.

“तुला?” ओफिर एवढी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. “कात्री विकून टाकलीस की काय?”

लोकांनी एकदा तुम्हाला वाघीण ठरवलं, की मग भ्यायचीसुद्धा सोय राहत नाही. रुबिएला आत जाऊन फोम कापू लागली. तुकडा वाकडा कापला गेला, वाया गेला.

रात्री झोप यायची नाही. तिचा हिशेब साधा होता. जुनी गाडी हळू होती, म्हणून मेमध्ये ती चिखलात थांबली. नवी गाडी तशी थांबणार नाही. एव्हेलिओ तिच्या हातावर विसंबून दुप्पट वेगाने बाहेर पडेल, आणि तिचे डोळे मिटलेले असतील. मग आल्बेइरोसारखा तोही कुणाच्या तरी टेबलावर सीट नेऊन ठेवेल. किंवा तोही उरणार नाही. आणि सांगावं तर? सांगितलं की रविवार संपला. तो एकटा घाटात जाऊ शकत नाही, आणि घरात तो बोलत नाही.

जुलैची सोळा तारीख जवळ आली. त्या दिवशी आमच्याकडे कार्मेन माउलीचा सण. बाळाला दोन्ही हातांत धरलेली ती, गाडी चालवणाऱ्या सगळ्यांची आई. ट्रक, बस, मोटारसायकली फुगे लावून, हॉर्न वाजवत चर्चसमोर येतात आणि पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. एव्हेलिओला नवी गाडी त्याआधी हवी होती. आशीर्वादाशिवाय वर्षभर गाडी चालवायची म्हणजे हेल्मेटशिवाय चालवण्यासारखं, असं तो म्हणायचा.

रुबिएला आधीच्या शुक्रवारी फादर अनिबालकडे गेली, कबुलीच्या जाळीपाशी गुडघे टेकले आणि सगळं ओकली.  फादर अनिबाल स्वतः मोटारसायकलवर वाड्या-वाड्या फिरणारा माणूस.

“देव माफ करेल,” तो म्हणाला. “त्याचं कामच ते. पण बाई, हे मला सांगून काय होणार? मी काही तुला मागे बसवून घाटात जात नाही.”

“तुम्ही माउलीला सांगा. गाडीवर पाणी जरा जास्त शिंपडा.”

“मी पिंपभर ओतीन गं. पण मागे बघायचं काम तिने तुला दिलंय. तिचे दोन्ही हात बाळाला धरण्यात अडकलेत.”

एवढा टोला खाऊनही तिने घरी येऊन काही सांगितलं नाही. शनिवारी सकाळी दोघं जुन्या गाडीवरून मानिसालेसला निघाली. वाटेत तीन ट्रक ओलांडले. तिन्ही वेळा तिने डोळे मिटूनच थोपटलं आणि तिन्ही वेळा मनात माउलीला म्हणाली, हे शेवटचं.

दुकान चढावर होतं. आत गाड्या ओळीने उभ्या, काचेसारख्या चकचकीत. विकणारी मुलगी येसेनिया, बोलायला चलाख. तिने आधी एकशे साठची दाखवली. एव्हेलिओने नाक मुरडलं. मग दोनशेची. रुबिएलाने तिच्या सीटमध्ये अंगठा दाबला आणि सवयीने बोलून गेली, “हिच्यावर बसून लेतरासपर्यंत गेलं तर माणूस खाली उतरून चालत येईल.”

“आई, तुम्हाला सगळं कळतं,” येसेनिया हसली. “मग ही बघा, अडीचशेची. हिला कार्बोरेटर नाही, म्हणजे उंचीवर दमायचं कारण नाही. दोघं बसा, वर पोतं टाका, खिंडीतही पाखरासारखी उडेल. आणि आरसे बघा काका, कितीही पिळा, हलत नाहीत. मागचं सगळं स्वच्छ.”

“आरसे राहू देत,” एव्हेलिओ म्हणाला. त्याने हात मागे नेऊन रुबिएलाचं मनगट धरलं. “मागचं बघायला माझ्याकडे ही आहे. अठरा वर्षं झाली, एकदा चुकली नाही.”

येसेनियाने “अगं बाई, किती गोड” असं काहीतरी म्हटलं. रुबिएलाच्या कानात नुसता वारा घोंघावत होता. 

“एक चक्कर मारून बघा दोघं,” येसेनियाने किल्ली दिली. “वरच्या चौकापर्यंत जा आणि या.”

गाडी उंच होती. रुबिएला चढून बसली. एव्हेलिओने मूठ जरा पिळली आणि ती अशी मागे ओढली गेली, की तिने दोन्ही हातांनी त्याचं जाकीट पकडलं. चढ, ओळीने दुकानं, माणसं, सगळं झरझर मागे जाऊ लागलं. एव्हेलिओ हसत होता. त्याची पाठ हसताना हलते, ती तिला छातीवर कळली. “बघितलंस? आवाजसुद्धा नाही!” तो म्हणत होता. मेनंतर पहिल्यांदा तो असा हसत होता, आणि तिला वाटलं, आत्ता इथे रस्ता संपावा.

चौकाच्या अलीकडे एक बस थांब्यावर उभी होती, माणसं चढत होती. समोरून काही नव्हतं. एव्हेलिओ बसच्या मागे आला, गाडी हळू केली आणि वाट बघू लागला. तिचे डोळे मिटलेले होते. कानांवर शहराचे सगळे आवाज एकदम येत होते, हॉर्न, फेरीवाले, कुठेतरी रेडिओ. त्यांतला मागून येणारा कुठला हे देवालाही सांगता आलं नसतं. हात उचलायचा, दोनदा थोपटायचं. एवढंच. हात उचलला गेला नाही.

“रुबिएला?”



बस सुटली. एव्हेलिओ बसच्या मागोमाग चौकापर्यंत गेला, वळला आणि दुकानासमोर येऊन थांबला. ती उतरली.  तो गाडी स्टँडवर लावून सगळाच्या सगळा तिच्याकडे वळला.

“रस्ता रिकामा होता. का नाही थोपटलंस?”

“मला दिसलं नाही.”

“काय दिसलं नाही?”

“काहीच. डोळे मिटले होते माझे.”

“नवी गाडी आहे, होतं असं. सवय होईल.” तो समजूत घालत होता. त्याचा तो मऊ आवाजच तिला सहन झाला नाही.

“नव्या गाडीचं नाही हे,” ती म्हणाली. “जुन्या गाडीवरही मिटलेलेच असतात. आज सकाळीही. आणि मेमध्येही, एव्हेलिओ. ती पिकअप वळणामागून आली नव्हती. कधीची मागे असेल. मी बघितलंच नाही. थोपटलं, पण बघितलं नाही. गाडीत दम होता. माझ्यात नव्हता.”

हेल्मेटची काच वर होती. तिला त्याचा चेहरा पूर्ण दिसत होता. तो रागावेल, ओरडेल, असं तिने महिनोन्महिने मनात धरलं होतं. त्यावरची उत्तरंही पाठ करून ठेवली होती. तो ओरडला नाही.

“कधीपासून?”

“आल्बेइरोची सीट आली तेव्हापासून.”

“ऑगस्ट.” तो फुटपाथच्या कडेवर बसला. बसून बोटांवर मोजायला लागला. आधी तिला कळेना काय मोजतोय. “डिसेंबरात आपण मारिकीताला गेलो होतो. येताना चौदा ट्रक ओलांडले. मी केंद्रावर सगळ्यांना सांगितलं होतं, चौदा. ओफिरलाही सांगितलं.”

“हो.”

“त्या चौदाही वेळा?”

“मी ऐकायचे. ऐकून थोपटायचे.”

“ऐकून,” तो म्हणाला.

त्याचा रंग उडाला. आधी ओठांचा, मग सगळ्या चेहऱ्याचा. अकरा महिन्यांतले सगळे रविवार एका मागोमाग एक त्याच्या अंगावर येत होते, ते तिला समोर दिसत होतं. ईस्टरला धुक्यात ओलांडलेला तेलाचा टँकर. पुलावरची ती दुहेरी ट्रॉली. प्रत्येक वेळी तो गप्पा मारत बाहेर पडला होता, गायीच्या गोष्टी सांगत. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. आपली अकरा महिन्यांची भीती तिने एका दमात त्याच्या ओंजळीत ओतली होती.

“मला का नाही सांगितलंस?” त्याने विचारलं.

“रविवार गेले असते,” ती म्हणाली. “तू घरात बोलत नाहीस.”

  येसेनिया दारातून कागद हलवत आली. “मग काका, ठरलं? लाल की काळी?”

“आज कुठलीच नको, पोरी,” एव्हेलिओ उठत म्हणाला. “गाडी चांगली आहे. गाडीत काही खोट नाही.”

येसेनियाने रुबिएलाकडे असं बघितलं, जणू बायकोनेच मोडता घातला. आणि ते खरंच होतं.

जुनी गाडी कोपऱ्यावर उभी होती. एव्हेलिओने किक मारली, पहिल्या वेळी ती लागली नाही, दुसऱ्या वेळी लागली. रुबिएला मागे बसली. निघायच्या आधी तो पुढे बघतच म्हणाला, त्याला वळता येत नव्हतं म्हणून असेल, किंवा वळायचं नव्हतं म्हणूनही, “डोळे मिटायचे असतील तर खुशाल मिट. कुणालाही भीती वाटते. पण हात उचलू नकोस.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

मानिसालेस मागे पडलं, घाट सुरू झाला. एव्हेलिओ बोलत नव्हता. कुरणं गेली, गायी गेल्या, उतारावरून वाहणारे ओहोळ गेले. एरवी त्या प्रत्येकाबद्दल त्याच्याकडे काहीतरी असायचं. रुबिएलाने डोळे उघडे ठेवले होते. आता काही करायचं नव्हतं, म्हणून असेल, ते उघडे राहिले. अकरा महिन्यांनी तिने तो रस्ता बघितला. कडेला माउलीची देवळी, तिच्याभोवती मेलेल्या ड्रायव्हरांच्या गाड्यांचे दिवे लावलेले. मागच्या वर्षी होते त्यापेक्षा जास्त. तिला रडू आलं. हेल्मेटमध्ये पुसता येत नाही, पाणी गळ्यापर्यंत ओघळलं.

खिंड ओलांडून उतार लागल्यावर एका बटाट्याच्या ट्रकमागे ते अडकले. ट्रक माणूस चालेल एवढ्या गतीने उतरत होता, ब्रेकचा जळका वास येत होता. गावापर्यंत अजून अकरा किलोमीटर होते. थोड्या वेळाने ट्रकने उजवा इंडिकेटर दिला.

एव्हेलिओ हलला नाही.

रुबिएला कमरेतून वळली. मागचा रस्ता वळणापर्यंत स्वच्छ दिसत होता, ऊन पडलेलं, एक कुत्रं सोडलं तर काहीच नाही. तिने दोनदा नीट बघितलं. तिचा हात आपोआप वर आला आणि तिने तो जाकिटाच्या खिशात घातला. मग पुढे वाकून, हेल्मेटला हेल्मेट लावून ती ओरडली, “मागे कुणी नाही! मी बघितलं, एव्हेलिओ. या वेळी खरंच बघितलं.”

तिला आपल्या छातीशी त्याची पाठ थरथरताना कळली. पुढे ट्रकवाल्याने परत इंडिकेटर दिला, मग खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, या ना बाबा, या.

“असेल,” एव्हेलिओ म्हणाला, आणि गाडी ट्रकच्या मागेच ठेवली.